प्रकाशाचे सेन्सर आणि एमआरआय एकत्र वापरून मेंदूचं चित्रण : कोल्हापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हे काम हातात घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, अवघड भाग मेंदूचा असेल. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिवस गेले ते टोपी, ट्रिगरची (दोन यंत्रांची वेळ जुळवणाऱ्या सिग्नलची) केबल आणि सह्यांचे कागद यांत. शोधनिबंधात हा सगळा भाग 'पद्धती' या मथळ्याखाली चार ओळींत उरकलेला असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, यंत्रं आणली की झालं. आता कोल्हापुरातही हे काम करू पाहणारी मुलं भेटू लागली आहेत. कुणी भौतिकशास्त्राचं, कुणी इन्स्ट्रुमेंटेशनचं, कुणी मेडिकलला फिजिओलॉजीचं. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. ही दोन यंत्रं एकत्र आणायची म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी जुळवायच्या : जागा आणि वेळ. प्रकाशाचा सेन्सर मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागावर बसला होता, आणि त्याचा एखादा आकडा एमआरआयच्या कुठल्या क्षणाशी जातो. या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की असतील तर बाकीच्या चुका नंतर दुरुस्त करता येतात. ती नसतील तर महिनाभराचं काम वाया जातं.

१. आधी दोन्ही यंत्रं काय पाहतात ते समजून घ्या

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरा. बोट लाल दिसतं. बाकीचे रंग आत शोषले जातात, लाल पार होऊन येतो. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्वचा आणि हाड प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देतात. १९७७ साली फ्रान्स योब्सिस यांनी याच प्रकाशाने मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज बाहेरून घेता येतो हे दाखवलं. त्यातून पुढे एफनिर्स, म्हणजे निकट-अवरक्त प्रकाशाने मेंदूचं काम मोजण्याची पद्धत, उभी राहिली.

डोक्यावर एका जागी प्रकाश सोडायचा, सुमारे ३ सेंटीमीटरवर तो परत पकडायचा. वाटेत तो केळ्याच्या आकाराच्या वळणाने मेंदूच्या वरच्या थराला शिवून येतो. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन ८०० नॅनोमीटरच्या वर जास्त प्रकाश शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं त्याच्या खाली. म्हणून दोन तरंगलांबी वापरतात, बहुतेक ७६० आणि ८५० च्या आसपास. दोन समीकरणं, दोन अज्ञात, म्हणजे दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनमधला बदल वेगवेगळा निघतो.

एमआरआय हेच रक्त दुसऱ्या बाजूने पाहतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला प्रतिसाद देतं, ऑक्सिजन असलेलं देत नाही. हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्यावरून एमआरआयच्या चित्रात रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक दिसतो हे मांडलं. आपण ज्याला बोल्ड सिग्नल म्हणतो तो हाच. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं, आणि बोल्ड वाढतो.

म्हणजे एफनिर्समध्ये ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनची रेघ खाली जाते, तेव्हा एमआरआयमध्ये त्याच जागचा सिग्नल वर जायला हवा. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या पूर्ण प्रयोगाची पहिली परीक्षा हीच असणार आहे.

दोघांच्या मर्यादाही पूरक आहेत. एमआरआय डोक्याचा सगळा भाग पाहतं, ३ मिलिमीटरच्या ठोकळ्यांत, पण एक पूर्ण चित्र घ्यायला साधारण २ सेकंद लागतात. एफनिर्स सेकंदाला १० वेळा सहज मोजतं, पण फक्त वरचा थर. खोल असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग मोठ्यांच्या डोक्यात त्याला दिसत नाही, आणि कुणी दिसतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

२. खरंच एकाच वेळी मोजायचं आहे का, हे ठरवा

इथे बहुतेक जण घाई करतात. बहुसंख्य प्रश्नांना दोन्ही मोजण्या एकाच क्षणी लागत नाहीत. एमआरआयवर फक्त डोक्याचं रचनाचित्र घ्यायचं आणि एफनिर्स दुसऱ्या दिवशी शांत खोलीत करायचं, एवढ्यानेही भरपूर साधतं. रचनाचित्रावरून त्या माणसाची कवटी किती जाड, कातडीपासून मेंदू किती खोल, प्रकाश कुठवर पोहोचला असेल, हे सगळं गणिताने काढता येतं.

एकाच वेळी मोजणं तेव्हा लागतं, जेव्हा तो क्षण परत येणार नसतो. माणूस नुसता शांत पडून असतानाचे मेंदूतले चढउतार, झोपेत शिरतानाचे बदल, किंवा एफनिर्सच्या सिग्नलमधलं कातडीचं रक्त किती आणि मेंदूचं किती याची पडताळणी. तुमचा प्रश्न यातला नसेल तर आधी वेगवेगळं करा. मी उलट्या क्रमाने गेले आणि सहा महिन्यांनी परत पहिल्या पायरीवर आले.

३. यंत्राबद्दल विचारायचे प्रश्न

बाजारात डोक्याला बांधायचे बिनतारी एफनिर्स पट्टे मिळतात. त्यात बॅटरी, एलईडी आणि सर्किट सगळं कपाळावरच असतं. ते चुंबकाच्या खोलीत नेता येत नाहीत. ना सुरक्षित, ना उपयोगाचे. एमआरआयसाठी फायबरवालं यंत्र लागतं. प्रकाश तयार करणारा आणि मोजणारा भाग बाहेर कंट्रोल रूममध्ये राहतो, आत फक्त काचेच्या तंतूंची लांब केबल जाते. १० मीटर लांबीची केबल बऱ्याच ठिकाणी पुरते, तरी आधी टेप घेऊन खोली मोजा. भिंतीतून आत, जमिनीवरून, टेबलाच्या कडेने वर, आणि टेबल आत सरकल्यावरही ढील उरली पाहिजे.

केबल आत जाते ती भिंतीतल्या वेव्हगाइड नावाच्या धातूच्या नळीतून. एमआरआयची खोली तांब्याने मढवलेली असते, बाहेरच्या रेडिओ लहरी आत येऊ नयेत म्हणून. त्या नळीतून तार नेली तर ती अँटेनाचं काम करते आणि चित्रावर रेघा उमटतात. काचेच्या तंतूत वीज वाहत नाही, म्हणून तो चालतो. पण काही केबलींवर मजबुतीसाठी धातूचं वेष्टण असतं. खरेदीआधी ते लेखी विचारा.

काचेच्या तंतूचा हाच मोठा गुण आहे. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची वीज मोजणारं यंत्र, एमआरआयमध्ये नेलं तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारांमध्ये मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा गोंधळ उठतो आणि तो काढत बसावं लागतं. प्रकाशाला चुंबकाचं काही पडलेलं नसतं.

स्कॅन सेंटरला विचारायचे प्रश्न असे :

- मशीन १.५ टेस्लाचं की ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप)? बोटांच्या हालचालीसारख्या सोप्या प्रयोगाला १.५ पुरतं, बारीक फरकांसाठी ३ बरं.
- फंक्शनल स्कॅनचं, म्हणजे बोल्ड मोजणाऱ्या स्कॅनचं, पॅकेज मशीनवर सुरू आहे का? मशीन असतं, पण पॅकेजचं लायसन्स घेतलेलं नसतं, हे फार वेळा होतं.
- ट्रिगरचा सिग्नल बाहेर काढता येतो का, आणि कुठून?
- डोक्याची कॉइल (डोक्याभोवती बसणारी, सिग्नल पकडणारी चौकट) कुठली? आत टोपी आणि तंतूंना जागा आहे का?
- कच्च्या डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधली मूळ चित्रं, मिळतील का? फिल्म आणि रिपोर्टचा आपल्याला उपयोग नाही.

हे प्रश्न फोनवर विचारू नका. दुपारी पेशंटची गर्दी ओसरल्यावर जा आणि टेक्निशियनला भेटा. डॉक्टरांची परवानगी लागतेच, पण ट्रिगरचं सॉकेट कुठल्या झाकणामागे आहे हे टेक्निशियनदादांनाच ठाऊक असतं.

४. कागदपत्रं

हे आधी सुरू करा, कारण यालाच जास्त वेळ लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरचं कुठलंही आरोग्य-संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर जिथे आहे अशा मेडिकल कॉलेजशी जोडून घ्यावं लागतं, आणि तिथला एक डॉक्टर सहसंशोधक म्हणून लागतो.

लागणारी कागदपत्रं :

- संशोधनाचा आराखडा
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत आणि इंग्रजीत
- एमआरआय सुरक्षिततेची प्रश्नावली
- एफनिर्स यंत्राचे सुरक्षिततेचे कागद, त्यात प्रकाशाची शक्ती आणि लेझरचा वर्ग
- स्कॅन सेंटरचं संमतीचं पत्र
- अचानक काही आजार दिसला तर काय करणार, याची लेखी पद्धत
- सर्व संशोधकांचे बायोडेटा आणि सह्या

माहितीपत्रकाची भाषा ही स्वतंत्र मेहनत आहे. आमचा पहिला मसुदा कमिटीने परत पाठवला आणि ते बरोबरच होतं. त्यात 'अवरक्त वर्णपंक्तिमापन' असं लिहिलं होतं. नंतर आम्ही लिहिलं, 'डोक्यावर टोपी घालून डोळ्याला न दिसणारा मंद प्रकाश सोडला जाईल, त्याने दुखत नाही.' वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदार हवा आणि अंगठ्याशेजारी त्याची सही हवी.

शेवटून दुसरा मुद्दा सोडू नका. धडधाकट वाटणाऱ्या माणसाच्या रचनाचित्रातही कधी गाठ किंवा जुनी जखम दिसते. ते चित्र रेडिओलॉजिस्ट पाहणार का, कळवणार कोण, कसं, हे आधीच ठरलेलं असावं. तुम्ही स्वतः स्क्रीनकडे पाहून समोरच्याला काही सांगायचं नाही.

५. टोपी आणि ऑप्टोडचे होल्डर

हा माझा आवडता भाग आहे, आणि कोल्हापुरात राहण्याचा खरा फायदा इथे होतो. ऑप्टोड म्हणजे तंतूचं डोक्याला टेकणारं टोक. कॉइलच्या आत जागा इतकी कमी असते की सरळ उभा ऑप्टोड मावत नाही. तंतू डोक्याला समांतर येऊन शेवटी काटकोनात वळणारा, बसका ऑप्टोड लागतो. तो टोपीत धरून ठेवायला होल्डर हवा. परदेशातून मागवले तर महाग पडतात आणि भारतीय डोक्यांच्या मापाचे असतीलच असं नाही.

आम्ही उद्यमनगरातून करून घेतले. मटेरियल नायलॉन किंवा डेलरिन, दोन्ही प्लास्टिकच. ड्रॉइंग नेलं तर तिथले कारागीर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत काम करून देतात. पण एक धोका लक्षात ठेवा. ज्या लेथवर दिवसभर लोखंड कापलं जातं, त्यावरच तुमचं नायलॉन कापलं जातं. लोखंडाचा बारीक कीस मऊ प्लास्टिकमध्ये रुततो आणि डोळ्यांना दिसत नाही. आमच्या पहिल्या बारा होल्डरपैकी दोघांभोवती चित्रात काळे खड्डे पडले होते, जणू तिथला मेंदूच कुणी चमच्याने काढून घेतला आहे. नंतर आम्ही कारागिरांना नवं टूल लावायला आणि आधी बेड पुसून घ्यायला सांगू लागलो. प्रत्येक होल्डर साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचा, मग दोऱ्याला टांगून त्याच्याजवळ जोरदार निओडिमियम चुंबक आणायचा. जरा जरी हलला तर बाजूला टाकायचा.

स्क्रू नायलॉनचेच वापरा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पण त्यात वीज वाहते आणि त्याच्याभोवती चित्र बिघडतं. काळा रंग प्रकाश अडवायला चांगला, पण काही काळ्या रंगद्रव्यांत लोखंडाचं ऑक्साइड असतं. म्हणून रंग लावण्यापेक्षा मुळात काळंच प्लास्टिक घ्या आणि त्याचीही चाचणी करा.

शेवटची चाचणी माणसावर नको. पाण्याच्या फँटमवर, म्हणजे स्कॅन सेंटरकडे असतो त्या पाण्याच्या गोळ्यावर, टोपी चढवून एक स्कॅन घ्या. कडेला काळे डाग दिसले तर ते कुठल्या होल्डरपाशी आहेत ते शोधा.

६. स्वयंसेवक आणि सुरक्षिततेची तपासणी

१.५ टेस्लाचं चुंबक आपल्या इथल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३५ ते ४० हजार पट असतं. आणि ते कायम चालू असतं. लाइट गेली, स्क्रीन बंद पडली, रात्रीचे दोन वाजले, तरी चुंबक चालूच. ज्यांच्या गावात रोज लाइट जाते त्यांना मी हे मुद्दाम दोनदा सांगते.

प्रश्नावलीत पेसमेकर, क्लिप, स्टेंट, कानातलं इम्प्लांट हे सगळीकडे असतंच. आपल्या भागासाठी एक प्रश्न ठळक करून घाला : 'तुम्ही कधी फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडिंग किंवा वेल्डिंगचं काम केलं आहे का? डोळ्यात कधी कीस गेला होता का?' शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात हे काम केलेली माणसं घराघरात आहेत. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. उत्तर 'हो' असेल तर डोळ्यांचा एक्स-रे पाहिल्याशिवाय आत सोडायचं नाही. 'काढला होता डॉक्टरांनी' एवढ्यावर भागवू नका.

दागिन्यांचा विषय हळुवारपणे हाताळा. एका आजींना जोडवी काढायला सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, लग्नापास्नं काढली न्हाईत." सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण त्यात वीज वाहते आणि ते तापू शकतं. म्हणून मंगळसूत्र, साज, जोडवी, नथ, चांदीचा करदोटा, ताईत, सगळं काढावंच लागतं. हे फोनवर आदल्या दिवशीच सांगा म्हणजे त्यांना घरी ठरवता येतं. सोबत आलेल्या सुनेच्या किंवा लेकीच्या हाती डबीत ठेवा. नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका, त्यांना फक्त बाहेरच्या एफनिर्ससाठी घ्या. त्या आजी तशाच आल्या आणि त्यांचा डेटा उत्तम आला.

तालमीतली मुलं या कामाला फार चांगली. केस बारीक कापलेले, सांगितलं तर दगडासारखी स्थिर पडून राहतात. दोन अडचणी मात्र येतात. खांदे इतके रुंद असतात की ६० सेंटीमीटरच्या बोगद्यात दंड अंगाशी आवळून घ्यावे लागतात, आणि कुस्तीने मुडपलेल्या कानांवर टोपीची कड रुतते. टोपी शिवताना कानाची खाच मोठी ठेवा. त्यांच्यापैकी एक बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम, लई आवाज हाय आत, पर झोप लागली बघा." झोप लागली म्हणजे त्या भागाचा डेटा बाद. स्कॅन नेहमी रात्रीच मिळतो, म्हणून पहाटे मेहनतीला उठणाऱ्या मुलांना दुपारी झोपून यायला सांगा.

७. डोकं तयार करणं

प्रकाशाचा मोठा शत्रू म्हणजे दाट काळे केस, आणि ते आपल्याकडे भरपूर आहेत. आदल्या दिवशी तेल न लावता, केस धुऊन यायला सांगा. तेलाने केस चिकटून राहतात आणि ऑप्टोडखालून बाजूला होत नाहीत. चैत्रात ज्योतिबाच्या यात्रेनंतर आठवडाभर कुणाला बोलावू नका. दोनदा धुतलं तरी केसांच्या मुळाशी गुलाल राहतो आणि तंतूची टोकं गुलाबी होऊन जातात.

कपाळावर मोजणार असाल तर टिकली, कुंकू, अष्टगंध पुसून घ्या. केसांत पिना, आकडे, धातूची कडी असलेलं रबर काही नको. केसांचा प्रत्येक भांग लाकडी काडीने पाडायचा, कातडी दिसली की ऑप्टोड टेकवायचा. सोळा ऑप्टोडना नवख्या हाताला पाऊण तास लागतो. घाई करू नका. इथे चुकलेला सिग्नल पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

प्रकाश येतो आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती : मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ऑप्टोडचं टोक पाहा. बऱ्याच फोनांना निकट-अवरक्त प्रकाश फिकट जांभळा दिसतो. पुढचा कॅमेरा यासाठी बरा. थेट डोळ्याने टोकात पाहू नका, विशेषतः लेझरवाल्या यंत्रात, कारण न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. आणि हे सगळं बाहेरच्या खोलीत करायचं, फोन चुंबकाच्या दाराच्या अलीकडेच राहिला पाहिजे.

८. जागा जुळवणं

शिंप्याच्या टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माप घ्या. दोन्ही मापांचा मध्य जिथे छेदतो तो माथ्याचा बिंदू. तिथून कानांकडे जाणाऱ्या रेषेवर एकूण मापाच्या २० टक्के डावीकडे गेलं की सी-३ हा बिंदू येतो. त्याच्या खाली साधारणपणे उजव्या हाताच्या हालचालीचा भाग असतो. पहिला प्रयोग इथेच करा. उजव्या हाताची बोटं, डावी बाजू.

आता मुख्य युक्ती. काचेचा तंतू आणि नायलॉन एमआरआयच्या चित्रात दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक ऑप्टोडच्या जागी खूण हवी. मेडिकलमध्ये मिळणारी व्हिटॅमिन ई ची हिरवी तेलकट कॅप्सूल रचनाचित्रात पांढरी ठिपक्यासारखी उठून दिसते, कारण तेलात हायड्रोजन भरपूर. होल्डरच्या बाजूला तिच्यासाठी खोबण ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने बसवा. पावडरची कॅप्सूल चालत नाही, दिसत नाही.

आणि डाव्या कानापाशी एक कॅप्सूल जादा लावा. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना डावं-उजवं उलटणं हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. काही सॉफ्टवेअर चित्र समोर उभ्या डॉक्टरच्या नजरेने दाखवतात, काही पेशंटच्या बाजूने. ती एक जादा कॅप्सूल असली की संशयाला जागा राहत नाही.

९. वेळ जुळवणं

एमआरआय प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला ट्रिगर देतं. तो बहुतेक ठिकाणी ५ व्होल्टचा छोटा स्पंद असतो, काही ठिकाणी प्रकाशाचा. तो एफनिर्स यंत्राला द्यायचा म्हणजे दोन्ही नोंदींत सामाईक खुणा तयार होतात. नुसता पहिला ट्रिगर घेऊन थांबू नका, सगळे नोंदवा. दोन यंत्रांची घड्याळं थोडी मागेपुढे धावतात आणि दहा मिनिटांत तो फरक मोजण्याइतका होतो.

मी फसले ते मोजणीत. फाइलमध्ये १५० चित्रं होती आणि ट्रिगर १५४. दोन दिवस केबल तपासत बसले. कारण साधं होतं. सुरुवातीची चार चित्रं चुंबकीकरण स्थिर होईपर्यंतची असतात, मशीन ती घेतं आणि टाकून देतं, पण ट्रिगर मात्र देतं. प्रत्येक मशीनची सवय वेगळी. फँटमवरच्या स्कॅनमध्येच ही मोजणी जुळवून वहीत लिहा.

बोटं आपटण्याचा प्रयोग सोपा ठेवा : २० सेकंद हालचाल, मग विश्रांती. विश्रांती दरवेळी सारखी नको, १८ ते २६ सेकंदांत कमीजास्त करा. रक्तदाबाचे स्वतःचे संथ चढउतार दर १० सेकंदांच्या आसपास येतात. प्रयोगाची लय त्यांच्याशी जुळली तर मेंदूचं काम आणि रक्तदाबाची लाट वेगळी करता येत नाही.

सूचना कशा द्यायच्या हाही प्रश्न असतो. मशीनच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, आणि छोट्या सेंटरमध्ये आत प्रोजेक्टर नसतो. आम्ही साधा उपाय केला. तपासणी झालेला एक सहकारी कानात बोळे घालून टेबलाशेजारी उभा राहायचा. कंट्रोल रूमच्या काचेतून हात वर झाला की तो स्वयंसेवकाच्या पायाला स्पर्श करायचा. पहिला स्पर्श सुरू, दुसरा थांब. पायाच्या स्पर्शाचा भाग मेंदूच्या मध्यरेषेकडे असतो, हाताच्या भागापासून लांब, म्हणून गल्लत होत नाही.

१०. स्कॅनची रात्र

क्रम असा ठेवा. प्रश्नावली परत एकदा तोंडी. खिसे रिकामे. कानात बोळे, मग टोपी, कारण टोपीनंतर बोळे नीट बसत नाहीत. बाहेरच सिग्नल तपासा : चांगल्या चॅनलमध्ये (प्रकाश सोडणारा आणि पकडणारा ऑप्टोड मिळून एक चॅनल) हृदयाचे ठोके सेकंदाला साधारण एक असे स्वच्छ दिसतात. ठोके दिसत नसतील तो चॅनल परत बसवा. मग आत.

उताणं झोपल्यावर मागचे ऑप्टोड डोक्याच्या वजनाने रुततात. पहिली पाच मिनिटं काही वाटत नाही, विसाव्या मिनिटाला असह्य होतं. शक्यतो मागच्या बाजूला ऑप्टोड ठेवू नका, ठेवलेच तर भोवती स्पंज द्या. कोपराखाली उशी द्या, नाहीतर बोटांच्या हालचालीने डोकंही हलतं. बोगद्यातला दिवा बंद करायला सांगा आणि टोपीवर काळं कापड टाका. हातात आपत्कालीन फुगा द्या आणि तो एकदा दाबून दाखवायला सांगा.

आधी रचनाचित्र घ्या, पाचसहा मिनिटांचं. कॅप्सूल दिसल्या का, तिथल्या तिथे पाहा. एखादी निसटली असेल तर अजून वेळ हातात असतो. मग फंक्शनल स्कॅन. तो चालू असताना एफनिर्सची स्क्रीन पाहायला एक माणूस वेगळा ठेवा, तोच माणूस वहीत वेळ लिहील.

११. डेटा

सॉफ्टवेअर बहुतेक फुकट मिळतं. डायकॉम फाइल बदलायला डीसीएम-टू-निक्स, एमआरआयसाठी एसपीएम किंवा एफएसएल, एफनिर्ससाठी होमर किंवा पायथॉनमधलं एमएनई-निर्स, टोपी डोक्यावर बसवायला ॲटलसव्ह्यूअर. यातल्या काहींना मॅटलॅब लागतं, ते विकतचं आहे. कॉलेजचं लायसन्स आहे का ते पाहा.

पहिल्यांदा कॅप्सूलच्या जागा हाताने टिपून घ्या. त्यांच्या खाली मेंदूचा पृष्ठभाग किती खोल आहे ते मोजा. आपल्याला त्या चॅनलकडून किती अपेक्षा ठेवायची हे यावरून ठरतं. मग त्या चॅनलखालच्या ठोकळ्यांचा बोल्ड आणि चॅनलमधलं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकाच आलेखावर काढा. एक वर, एक खाली, हालचाल सुरू झाल्यावर काही सेकंदांनी. पहिल्या वेळी हे दिसलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी तो आलेख घरच्यांना उठवून दाखवला.

ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन सगळ्याच चॅनलमध्ये सारखं वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. ते बहुतेक कातडीचं रक्त असतं. त्यासाठी ८ मिलिमीटर अंतराचे छोटे चॅनल टोपीत आधीपासून ठेवायचे. ते फक्त कातडी मोजतात आणि तो भाग वजा करता येतो. हे नंतर जोडता येत नाही, म्हणून टोपीचं ड्रॉइंग काढतानाच जागा धरा.

एफनिर्सच्या फाइल स्नर्फ (SNIRF) या सामाईक स्वरूपात आणि सगळं फोल्डर बिड्स (BIDS) या ठरलेल्या मांडणीच्या पद्धतीने लावा. दुसऱ्या विद्यापीठात कुणाला दाखवायचं झालं तर समजावत बसावं लागत नाही. नाव आणि क्रमांक यांची यादी डेटापासून वेगळी, कुलपात. आणि रचनाचित्र कुणालाही पाठवण्याआधी त्यातला चेहऱ्याचा भाग सॉफ्टवेअरने काढून टाका. त्या चित्रावरून नाक, ओठ, हनुवटीसकट माणूस ओळखता येतो, आणि कोल्हापूर एवढं मोठं नाही.